आठ नंबरचा डावा गुडघा

आमच्या इथल्या, दुबईतल्या मराठी मंडळातल्या एका बाईने मला सांगितलं, की तू आता बरी झालीस, तर लिही, म्हणजे इतरांना बळ मिळेल. शक्यतो पॉझिटिव्ह लिही, असंही वर सांगितलं. मी आजारी असताना ही बाई एकदा मला भेटायला आली होती आणि माझ्याच सोफ्यावर बसून स्वतःच्या कीटो डाएटबद्दल दीड तास बोलून गेली होती. तिला बळ मिळावं म्हणून मी लिहीत नाहीये.

जिला कालपरवा रिपोर्ट मिळालाय आणि जिच्याभोवती आतापासूनच सगळे हळू आवाजात बोलायला लागलेत, तिच्यासाठी लिहितेय. बाई गं, औषधांचा त्रास होतोच, पण त्याचा कागद तरी छापून देतात. माणसांच्या त्रासाचा कागद कुणी देत नाही. तो आपल्यालाच हळूहळू कळत जातो.

हे सांगताना मला एका इंग्लिश फुटबॉलपटूबद्दल बरंच सांगावं लागणार आहे, त्याला माझा इलाज नाही. मला फुटबॉलमधलं काडीचं कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण जवळजवळ वर्षभर मी त्याच्या नावाने आजारी होते.

रिपोर्ट

जुलै महिना होता. बाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा आणि हॉस्पिटलात स्वेटर घालावा एवढा एसी. डॉक्टर इजिप्शियन, पन्नाशीचे. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळं मलाच सांगितलं. डाव्या स्तनात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन.

माझा नवरा मिलिंद त्यांना म्हणाला, "डॉक्टर, कॅन वी स्पीक आउटसाइड? जस्ट टू मिनिट्स."

"शी इज द पेशंट," डॉक्टर म्हणाले.

तो माणूस मला तिथेच आवडला. पुढे त्यांनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाल्ला लावायला सुरुवात केली, तेव्हा थोडा कमी आवडला. मी जेबेल अलीला एका फ्रेट कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. खोर फक्कानच्या बंदरावरून कुणी फोनवर इन्शाल्ला म्हणालं, की तो कंटेनर या आठवड्यात सुटत नाही, असं आम्ही धरूनच चालतो.

गाडीत बसल्यावर मिलिंदचं पहिलं वाक्य होतं, "बरं झालं, पार्किंगचा टाइम संपायच्या आत निघालो."

दुसरं वाक्य डिस्कव्हरी गार्डन्सच्या वळणावर आलं. "आईला कळता कामा नये. तिला झेपणार नाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, बीपीची गोळी चालू, नाशिकला धाकट्या मुलाकडे, शिरीषकडे असतात. त्यांना काय झेपेल आणि काय नाही, हे त्यांना न विचारता ठरवण्याची आमच्या घरात जुनी पद्धत आहे. सासरे अ‍ॅडमिट झाले तेव्हाही त्यांना 'चेकअपला नेलंय' असंच सांगितलं होतं.

मला त्या दिवशी खरं तर एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघून विचारावं, की मृणाल, तुला काय होतंय, कुठे दुखतंय, भीती वाटतेय का. एवढंच. गाडी पार्क करून वर येईपर्यंत मी वाट बघितली. मिलिंदने दार उघडलं, चप्पल काढली आणि विचारलं, "चहा टाकू?"

आता त्या माणसाबद्दल

मिलिंद आणि शिरीष कॉलेजात असल्यापासून इंग्लंडमधल्या एका क्लबचे भक्त आहेत. एखादा मोठा क्लब असता तर अधूनमधून पेढे तरी खायला मिळाले असते. यांचा क्लब उत्तरेकडच्या एका गिरणगावातला. गिरण्या कधीच बंद पडल्या आणि क्लबही गेली काही वर्षं त्याच वाटेने चाललाय.

त्या क्लबात एक मिडफिल्डर होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला तेवढं महत्त्व द्यायची माझी तयारी नाही. घरात त्याला 'आपला आठ नंबर' म्हणतात, जसं कुणी 'आपला पप्पू' म्हणावं.

त्याची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे, कारण ती माझ्यासमोर पोथीसारखी वाचली गेलीय. नवव्या वर्षी क्लबच्या अकॅडमीत आला. अठराव्या वर्षी पहिली मॅच, ती शेवटच्या काही मिनिटांपुरती, आणि तेवढ्यातही पिवळं कार्ड घेऊन दाखवलं. मग दोन वर्षं त्याला दुसऱ्या क्लबांना वापरायला दिला. हो, असं देतात, शेजारणीला इडलीपात्र द्यावं तसं. परत आला, टीममध्ये बसला, आणि त्याच्या देखत क्लब दोनदा खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि एकदा वर चढला. वर चढला त्या वर्षाबद्दल दोघे भाऊ अजूनही असे बोलतात, जसे स्वतःच्या लग्नांबद्दल कधी बोलले नाहीत. एकदा त्याला इंग्लंडच्या टीमसाठी बोलावलं. पूर्ण मॅचभर तो जॅकेट घालून बाकावर बसला. कॅमेऱ्याने त्याला क्षणभर दाखवलं, तो फोटो मिलिंदच्या फोनमध्ये आहे. माझ्या बाळंतपणाचा एकही नाही.

मी एकदा विचारलं होतं, "हा नक्की करतो काय?"

"तो गेम बांधतो," मिलिंद म्हणाला.

म्हणून मी एक मॅच नीट बसून बघितली. कुणीतरी याला बॉल देतं, हा तो शेजारच्याला देतो. पुन्हा कुणीतरी देतं, हा पुन्हा शेजारच्याला. आमच्या ऑफिसात हे काम करणारे तिघं आहेत, त्यांना आम्ही ईमेल फॉरवर्ड करणारे म्हणतो. त्यांची जर्सी कुणी विकत घेत नाही.

"मोठ्या क्लबने बोलावलं होतं त्याला," मिलिंद म्हणायचा. "पण तो गेला नाही. आपल्या लोकांना सोडून गेला नाही." हे बोलताना त्याचा आवाज हलायचा. मोठ्या क्लबने दुसऱ्यांदा बोलावलं नाही, हे मी दर वेळी लक्षात आणून द्यायची.

तर माझा रिपोर्ट आला त्याच महिन्यात प्रॅक्टिस करताना या आठ नंबरच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं.

त्याच्या नावाने

केमोची खुर्ची मोठी आणि मऊ असते. विमानातल्या बिझनेस क्लासची आठवण येते, फक्त कुठे पोचवणार ते सांगत नाहीत. माझी खुर्ची खिडकीजवळ होती आणि खिडकीतून पार्किंग दिसायचं. कोट्टायमची सिस्टर यायची, दोन्ही हात उलटसुलट बघायची आणि विचारायची, "कौनसा हाथ, दीदी?" मग एका झटक्यात शीर पकडायची. त्या सगळ्या काळात मला माझ्याबद्दलचा एवढाच प्रश्न सरळ विचारला जायचा, आणि त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

बाकी भेटायला येणारे सगळे मला फायटर म्हणायचे. मी खुर्चीत बसून घोरत होते. औषध नळीतून आपोआप आत जात होतं. यात फायटिंग कुठे होतं, ते मला अजून कळलेलं नाही. कुणी लक्ष्मणफळ आणलं, कुणी गव्हांकुराचा रस, कुणी आपल्या आत्याची गोष्ट आणली, जी ऐकताना शेवटी लक्षात यायचं की आत्या वारली आहे. माझा अरब बॉस रोज मेसेज करायचा, "हबीबती, टेक युअर टाइम," आणि त्याच दिवशी एचआरला विचारायचा की माझ्या जागी टेम्पररी कुणी मिळेल का. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: नो इश्यूज.

केस जायला लागले तेव्हा माझ्या मुलीने, इराने, बाबाचा ट्रिमर घेऊन माझं डोकं साफ केलं. ती चौदा वर्षांची आहे. मराठी समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. काम झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. "ममा, इट्स अ गुड शेप, अ‍ॅक्च्युअली."

आणि तिनेच मला ते सांगितलं. एका शनिवारी सकाळी खोलीत येऊन म्हणाली, "बाबा इज टॉकिंग अबाउट यू अगेन. ऑन द फुटबॉल कॉल."

"म्हणजे?"

"गो लिसन."

मी भिंतीला धरत हॉलच्या दाराशी गेले. मिलिंद बाल्कनीकडे तोंड करून बसला होता, फोन स्पीकरवर. नाशिकला तो फोन नेहमीच स्पीकरवर असतो, कारण आईंना मुलाचा आवाज ऐकायचा असतो.

"काय म्हणतोय आपला आठ नंबर?" शिरीषने विचारलं.

"तिसरं सेशन झालं. फार वीक झालाय यार. काही खात नाही. उलट्या होतात."

"उलट्या?" मागून आईंचा आवाज आला. "गुडघ्याच्या दुखण्याने उलट्या कशाने होतील?"

"औषधं स्ट्राँग असतात आई त्यांची," मिलिंद म्हणाला.

"मऊ भात आणि मेतकूट द्या म्हणावं. पोटात राहील."

"आई, इंग्लंडमध्ये मेतकूट कुठून येणार?"

मला सगळं एकदम लक्षात आलं. आईंसमोर बोलायची चोरी, आणि रोज बोलल्याशिवाय दोन्ही भावांना चैन नाही, म्हणून त्यांनी ही शक्कल काढली होती. माझा आजार त्या माणसाच्या गुडघ्यावर लादला होता. म्हणजे मला कॅन्सर झाला तोसुद्धा एका शेजारच्याला पास देणाऱ्याच्या नावावर गेला.

फोन ठेवल्यावर मी मिलिंदसमोर उभी राहिले. "मी काय तुझा मिडफिल्डर आहे?"

तो दचकला. "अगं, आईसमोर कसं बोलणार? आणि..."

"आणि काय?"

"असं म्हटलं की बोलता येतं."

"मी इथे आहे. याच घरात. माझ्याशी बोल."

त्याने फोन चार्जिंगला लावला. मग म्हणाला, "तू काही खाल्लंस का?"

मी परत जाऊन पडले. मला इतका राग आला होता की त्या दिवशी उलटी झाली नाही.

रविवारी आईंचा व्हिडिओ कॉल असायचा, तो मात्र थेट मला. त्यासाठी मी करामाच्या बाजारातून विग आणला होता. साडेआठशे दिरहॅम, म्हणजे वीस हजार रुपये. मिलिंदने दुकानातच मोठ्याने हिशेब केला आणि तिथल्या माणसाने हिंदीत समजूत घातली, "ओरिजिनल है सर." माझं ऑफिसचं काम फार वाढलंय म्हणून मी दमलेली दिसते, असं आईंना सांगितलं होतं. पहिल्याच कॉलला त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"केस छान झालेत गं तुझे. तेल कुठलं लावतेस?"

"इथलंच आहे, आई."

"बरं," त्या म्हणाल्या.

काढला

ऑपरेशन जानेवारीत झालं. त्याचं वर्णन मी करणार नाही. मला भूल दिली होती आणि ज्यांना दिली नव्हती ते सांगत नाहीत. जाग आली तेव्हा छातीवर पट्टा, बाजूला नळी, आणि दाराबाहेर मिलिंदचा आवाज.

"डावा गुडघा. हो. पूर्ण काढावा लागला रे. नाही, वाचवता आला नसता."

ज्याच्यावर माझी मुलगी वाढली ते गेलं होतं, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडी त्याचा गुडघा झाला होता. मला रडू आलं. रडताना टाके ओढले जातात हे तेव्हा कळलं, म्हणून तेही आवरलं. पलीकडून आईंचा आवाज आला असणार, कारण मिलिंद म्हणाला, "नाही आई, चालता येईल. नवीन बसवतात आजकाल."

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाले. भिंतीला बोटं टेकवायची आणि मुंगी चढवल्यासारखा हात वर न्यायचा. माझा डावा हात खांद्यापर्यंत जाऊन थांबायचा. त्यापुढे खेचलं की काखेत दोरी ताणल्यासारखं व्हायचं. इरा भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि "वन मोर, ममा" म्हणायची. मिलिंद संध्याकाळी त्या खुणा बघायचा, मला काही विचारायचा नाही, आणि बाल्कनीत जाऊन शिरीषला सांगायचा, "हात अजून खांद्याच्या वर जात नाहीये त्याचा. पण एक्सरसाइज रेग्युलर आहे."

दर्शन

फेब्रुवारीत आठ नंबर दुबईत आला. त्यांच्याकडे थंडी वाढली की हे क्लब सरावासाठी इथे येतात. हॉटेल, गवत, ऊन, सगळं तयार मिळतं. त्याचा खरा गुडघा तोवर बरा झाला होता आणि तो परत थोडं थोडं खेळायला लागला होता. मिलिंदच्या ओळखीचा एक जण त्या हॉटेलच्या पर्चेसला होता.

"तुला पण चेंज होईल," मिलिंद म्हणाला. माझं रेडिएशन चालू होतं. रोज सकाळी मशीनखाली पडून यायची आणि कातडी भाजल्यासारखी झाली होती. तरी गेले. ज्याच्या नावावर आपण इतकं सोसतोय, त्याला एकदा बघावं म्हटलं.

त्यांच्या सरावाच्या मैदानाला जाळी होती. आत ती मुलं धावत होती, आणि त्यात हा, चौतीस वर्षांचा, टीव्हीत दिसतो त्याहून बुटका, डाव्या गुडघ्याला पट्टी. माझ्या डोळ्यांसमोर त्याने बॉल घेतला आणि शेजारच्याला दिला.

सराव संपल्यावर तो जाळीपाशी आला. मिलिंदने जर्सी दोन्ही हातांत नैवेद्याच्या ताटासारखी पुढे धरली होती. सत्तावीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्यासमोर हा माणूस कधी असा उभा राहिला नव्हता.

"सर, हाऊ इज द नी?" मिलिंदने विचारलं.

"ऑल गुड, मेट. ऑल गुड." त्याने सही केली. पाऊल टाकताना त्याने डावा पाय किंचित ओढला, हे मला दिसलं. मला असल्या गोष्टी आता लगेच दिसतात.

"माय वाइफ," मिलिंद म्हणाला. आठ नंबरने माझ्या दिशेने मान हलवली, नजर माझ्या स्कार्फच्या वरून पलीकडे गेली, आणि तो फोन बघत, सराव झाल्यावर खेळाडू बसतात त्या बर्फाच्या टबाकडे निघून गेला.

महिनोन्महिने मी त्याच्या नावाने उलट्या काढल्या होत्या. त्याने माझ्याकडे धड बघितलंही नाही. परतताना मिलिंद गाडीत गुणगुणत होता. मी म्हणाले, "खोटं बोलला तो. दुखतंय त्याला."

"तुला काय माहीत?"

"मीही सगळ्यांना तेच सांगते."

मिलिंदचं गुणगुणणं थांबलं.

मॅच संपली

मे महिन्यात त्याच्या क्लबने त्याचा करार वाढवला नाही. शेवटच्या मॅचमध्ये त्याला उशिरा आत पाठवलं, क्लब हरला, खालच्या डिव्हिजनला गेला. आठ नंबरने मैदानाला एक चक्कर मारली, लंगडत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोळा वर्षं बॉल शेजारच्याला दिल्याबद्दल बायका पोरांना उचलून रडत होत्या.

मिलिंदही रडत होता. हॉलमध्ये, सोफ्यावर, तोंडावर उशी दाबून, अगदी हुंदके देऊन. लग्नापासून आजवर मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा रिपोर्ट आला तेव्हा नाही, मी बिनकेसांची समोर बसले तेव्हा नाही.

इराने कान टवकारले आणि माझ्याकडे बघितलं. "इज ही क्राइंग फॉर द फुटबॉलर?"

"तो तसंच म्हणेल," मी म्हणाले.

मला काय कळत नव्हतं असं नाही. तो कुणासाठी रडत होता ते समजायला फुटबॉल कळावा लागत नाही. पण समजलं म्हणून माझा राग गेला नाही, उलट वाढला. माझ्यासाठीचं रडणंही त्याला माझ्यासमोर रडता येऊ नये, त्यासाठी मध्ये एक इंग्लिश माणूस लागावा, याची मला चीड आली. मी उठून आत गेले. तिच्यासाठी लिहितेय जी आत्ता हे वाचतेय: असा राग येतो. येऊ द्यावा.

पार्सल

जून आला. मी ऑफिसला जायला लागले होते. हॉस्पिटलने आतून घालायला सिलिकॉनचा एक गोळा दिला होता. एसीत ठीक असतो. पार्किंगपासून ऑफिसच्या दारापर्यंत चालेस्तोवर त्याच्याखाली घामाचं तळं व्हायचं आणि भाजलेल्या कातडीला आग सुटायची. म्हणून मी तो पर्समध्ये ठेवायची आणि वरून ओढणी घट्ट लपेटून बसायची. एका बाजूने सपाट, खांदा पुढे वाकवून. कुणी विचारलं की, नो इश्यूज.

त्याच दिवसांत शिरीषचा फोन आला. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एक जोशीबाई नाशिकहून परत येत होत्या. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. कुणी इंडियाला गेलं, की परत येताना त्यांच्या बॅगेतली निम्मी जागा त्यांची नसते. "आईने आठ नंबरसाठी काहीतरी दिलंय," शिरीष हसत म्हणाला. "मला उघडू दिलं नाही. म्हणते, त्या पोराला पोचतं करा."

"आईपण ना," मिलिंदही हसला. "तो आता रिटायर झाला म्हणावं."

पार्सल जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून, गाठीवर गाठ मारून आलं होतं. मिलिंदने ते हॉलमध्ये सोडलं. आधी मेतकुटाची पिशवी निघाली. मग आलेपाक. आणि खाली घडी घातलेलं पांढरं मलमलचं काहीतरी. त्याने ते हसतहसत झटकून उलगडलं आणि तसाच थांबला.

ती आतून घालायची बॉडी होती, घरी शिवलेली. माझे सगळे ब्लाउज लग्नापासून आईंनीच शिवलेत, तेव्हा माप त्यांच्याकडे होतंच. आईंच्या हातच्या ब्लाउजांची बटणं नेहमी पाठीला असतात. याची टिचबटणं पुढे होती. हात मागे न नेता घालता यावी अशी. उजवी बाजू रिकामी. डावी बाजू दुहेरी कापडाची, भरलेली. मी ती मिलिंदच्या हातातून घेतली आणि दाबून बघितली. आत मोहरी सरकली.

इरा झाली तेव्हा आईंनी तिच्या डोक्याखाली ठेवायला मोहरीची उशी केली होती. तोच हात, तीच शिवण. मोहरी गार राहते आणि अंगाच्या आकाराने बसते.

मिलिंद चपलांच्या कपाटावर बसला. त्याच्या हातात नुसता साडीचा तुकडा राहिला होता.

"आजी नोज," इरा म्हणाली.

मी आत गेले, ओढणी काढली आणि ती घातली. हात वर करावा लागला नाही. आरशात बघितलं तर दोन्ही खांदे एका रेषेत आले होते. तिथेच उभी राहून मी रडले, आणि या वेळी टाके नव्हते, म्हणून पोटभर रडले.

मग विग न घालता, बोटभर वाढलेल्या केसांनीच, मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. आई एकट्याच होत्या, चष्मा नाकावर.

"आई, मिळालं."

"बसलं का नीट?" त्यांनी एवढंच विचारलं. केसांकडे त्यांनी बघितलं, पण थांबल्या नाहीत. "मोहरी जास्त झाली असेल तर काखेकडच्या बाजूने चार टाके उसव. तिथे मी मुद्दाम हाताने घातलेत."

"बसलं. तुम्हाला कधी कळलं?"

"शंका उलट्यांपासून होती. पण हात वर जात नाही म्हणाला, तेव्हा पक्कं झालं. डावा गुडघा काढल्यावर हात वर जात नाही, असा कुठला खेळ गं?"

मला हसू फुटलं आणि त्यातच परत रडू. "मग बोलला का नाहीत?"

"मिलिंदला झेपलं नसतं," आई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि स्क्रीन जवळ घेतली. अगदी जवळ, मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

"आता त्या खेळणाऱ्या पोराचं राहू दे. तुझं सांग, मृणाल. दुखतं का?"

सवयीने माझ्या तोंडात नो इश्यूज आलं होतं. मी ते गिळलं.

"हो, आई. दुखतं."

"कुठे?"

मिलिंद खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता, तो साडीचा तुकडा अजून हातातच. आईंना तो स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसला असावा.

"उभा काय राहिलायस? बस तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये बोलू नकोस."

तो माझ्या शेजारी बसला. मी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, रिपोर्टच्या दिवसापासून, पार्किंगच्या वाक्यापासून. त्याने सगळं ऐकलं.